आधीच्याचं काय झालं?

परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षकाला बसायची मनाई असते, आणि वाचायचीही. तीन तास बाकांच्या रांगांमधून नुसतं चालायचं. एरवीच्या वर्षी मला ती वाचायची मनाई फार जाचते. पिशवीत पुस्तक असतं, त्याच्याकडे लक्ष जातं, आणि मी खिडकीतून समोरच्या टेकडीवरचं वाळकं गवत बघत राहते. यंदा पुस्तकाची आठवणही होत नाही. पौषात दादा गेला. काविळीचं निमित्त झालं, अकरा दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून जिथे बसते तिथून मी उठते. स्वयंपाकघरात जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत येते. हातांना काहीतरी हवं असतं. बाकीच्या शिक्षिका पर्यवेक्षणाच्या पाळ्या चुकवायला बघतात, तेव्हा मी त्या मागून घेते. निदान तीन तास चालायला कारण मिळतं.

परीक्षेतल्या वर्गाला एक वास असतो. कोपऱ्यातल्या माठाच्या ओल्या मातीचा, मुलींच्या केसांतल्या तेलाचा, शाईचा, आणि घाटकोपरच्या उन्हाबरोबर खिडकीतून आत येणारा करपट वास. आणि एक आवाज असतो. चाळीसेक मुली मान खाली घालून लिहितात, पानं उलटतात, पुरवणीला दोरा ओवतात. वर्गभर एक बारीक खसखस चालू राहते. ती वाढत नाही, थांबत नाही. यंदा पहिल्या पेपरला ती ऐकली आणि मी दोन बाकांच्या मधेच उभी राहिले. माझ्या मॅट्रिकच्या वर्षी, मरोळच्या घरात, माझ्या उशाशी हाच आवाज असायचा. दोन पांढरे उंदीर वर्तमानपत्राच्या चिंध्या करून आपलं अंथरूण घालायचे, त्याचा.

बारा वर्षं झाली. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असे. आई, दादा आणि मी मरोळच्या गावठाणात फिलोमेनाबायच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. वडील फार आधी गेलेले. फिलोमेनाबाय तिथल्या जुन्या ख्रिस्ती घरातली. शेताच्या पलीकडच्या बांधाला कारखान्यांच्या भिंती येऊन टेकल्या होत्या, तरी ती अजून भात लावत होती. पुढच्या पडवीत तिच्या कोंबड्या, मधल्या खोलीत भाताची कणगी. अंगणात विहीर, विहिरीला लागून दगडी डोणी, आणि वाटेच्या वळणावर चुना लावलेला क्रूस. मार्च महिन्यात शेतं वाळून तडकली की तिथले उंदीर घरांकडे सरकायचे. कणगी पोखरायचे, कोंबडीची पिल्लं उचलायचे. मग फिलोमेनाबाय पिंजरा लावायची. उंदीर सापडला की पिंजऱ्यावर गोणपाट टाकायची आणि तसाच्या तसा डोणीतल्या पाण्यात बुडवायची. गोणपाट कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"डोळे बगवत नाय गो," ती म्हणाली होती. "बगतात मेले, माणसासारखे."

दादा त्या कारखान्यांच्या भिंतींपैकी एका भिंतीआड कामाला होता. औषधांचा कारखाना. त्यात एक लांबट, गार खोली होती, तिला प्राणिगृह म्हणत. तिथे पिंजऱ्यांच्या रांगा आणि आत शेकडो पांढरे उंदीर. त्यांना खाऊ घालायचं, पिंजरे धुवायचे, वजनं करून कार्डावर लिहायची, हे दादाचं काम. पुढे त्यांचं काय होतं, हे आईनं एकदाच विचारलं आणि त्यानं एकदाच सांगितलं. नवीन औषध आधी त्यांना देऊन बघतात. ज्यांना काहीच दिलं नाही, तेही उरले की संपवतात. तेव्हापासून दादा घरी आला की आई त्याला आधी हात धुवायला लावायची. तो कारखान्यातून धुऊनच यायचा, तरीही.

त्या वर्षी माघात असेच दोन उरले होते. वरच्या साहेबाला विचारून दादानं ते मागून घेतले. पण घरी आणण्याआधी तो फिलोमेनाबायकडे गेला. मी दारात उभी होते.

"बाय, दोन उंदीर पाळीन म्हणतो. पांढरे. तुमची हरकत नसली तर."

दाणे टाकता टाकता तिचा हात थांबला. "काय म्हटलंस रे?"

"उंदीर."

"मी उंदीर मारून मारून दमले, आणि तू नवे आणतोस? गावात संपले काय?"

"पिंजऱ्यात राहतील."

"माजी सात पिल्लं खाल्ली त्या मेल्यांनी."

"या दोघींनी पिल्लू कधी पाहिलंसुद्धा नाही, बाय. कारखान्यातच जन्मल्या."

ती हसली. हसली म्हणजे परवानगी दिली, हे आम्हांला ठाऊक होतं. पण बोट वर करून म्हणाली, "बग हां. माज्या कोंबड्यांच्या वाटेला गेल्या, तर मी काळा-गोरा बगणार नाय."

आईचा विरोध वेगळ्या जातीचा होता. "गणपतीच्या पायाशी शोभतो तो. घरात कसला आणतोस? उद्या नंदी आणशील."

"नंदीला जागा नाही," दादा म्हणाला.

घरात दुधा-तुपाचं एक जुनं जाळीचं फडताळ होतं. त्याच्या मधल्या फळ्या काढून दादानं त्यात वर जायला तिरक्या पट्ट्या बसवल्या, एक मडकं आडवं ठेवलं, दाराला खाली कडी आणि वर एक तारेचा आकडा लावला. लाकूड कुरतडतील तिथे आतून पत्रा ठोकला. फडताळ माझ्या अभ्यासाच्या कोपऱ्यात आलं, कारण तिथे ऊन येत नव्हतं आणि दाराचा वारा थेट लागत नव्हता. भूगोलाच्या नकाशात तेव्हा मी नद्या पाठ करत होते, म्हणून त्यांची नावं गोदा आणि तापी. दोघी सारख्याच पांढऱ्या, सारखेच गुंजेसारखे डोळे. तापीच्या उजव्या कानाला कारखान्यात ओळखीसाठी पाडलेली खाच होती. तिच्यावरूनच कोण कुठली ते कळायचं.

"दिवसभर मी कामावर. यांचं तू बघायचंस," दादा मला म्हणाला. "जमेल का सांग. नाहीतर परत नेतो."

परत नेणं म्हणजे काय, ते मला समजत होतं. जमेल म्हटलं.

मग त्यानं मला शिकवलं. शिकवणं त्याला आवडायचं, पण माणसांना शिकवताना तो लाजायचा. उंदरांविषयी बोलताना नाही. शेपटीला धरून उचलायचं नाही. एक हात छातीखाली, एक हात पायांखाली. दररोज सकाळ-संध्याकाळ हातात घ्यायच्या, कंटाळा आला तरी. अंथरुणाला कागद, तो एक दिवसाआड बदलायचा, पण सगळा नाही. थोडा जुना ठेवायचा, म्हणजे घर आपलंच वाटतं. ज्वारी, भिजवलेले हरभरे, काकडीचा तुकडा, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा कण. तेलकट नाही. आणि दार उघडण्याआधी फडताळाच्या चौकटीवर नखानं तीनदा वाजवायचं.

"ते कशाला?"

"आपल्या घरात कोणी न सांगता हात घातला तर?"

आठवड्याभरात त्या तीन टकटकींना दोघी दाराशी यायच्या. पंधरा दिवसांनी मी त्यांना खोलीचं दार लावून मोकळं सोडू लागले. पलंगाखाली, पुस्तकांमागे कुठेही असल्या तरी चौकटीवर वाजवलं की धावत येऊन फडताळात शिरायच्या. जाळी म्हणजे घर, उघडं दार म्हणजे खाऊ. हे मी त्यांना शिकवलं आणि मला त्याचा अभिमान होता. तापी अभ्यासाच्या वेळी माझ्या मानेवर, वेणीच्या मुळाशी बसायची. तिच्या मिशा सतत हलत. झोपेतही तिच्यातलं काहीतरी जागं असायचं. प्रमेयं पाठ करताना ती मानेवर नसली की मला ओळी आठवत नसत.

एकदा मी दादाला विचारलं, "तिथल्यांना पण तू असाच हातात घेतोस?"

"घेतो. घाबरलेलं असताना सुई टोचू नये."

"मग नावं?"

"तिथे नाही ठेवत." मग म्हणाला, "या दोघींनी तिथलं काही फिटत नाही, सुमे. तसं मी समजतही नाही. नुसतं घरी आल्यावर कोणाला तरी उचलावं असं वाटतं, जिचं पुढे काही व्हायचं नाही."

पर्यवेक्षण करताना काल एक मुलगी रडायला लागली. भूमितीचाच पेपर होता. तिच्या कंपासपेटीतला कर्कटक सापडत नव्हता. मी वाकून बाकाखाली बघितलं, बाजूच्या मुलीचा मागून तिला दिला, आणि देताना तो माझ्या मुठीतून सुटेना, तेव्हा त्या मुलीनंच मला विचारलं, "बाई, बरं नाही का?"

माझ्या भूमितीच्या पेपरच्या दिवशी सकाळी दादा पहिल्या पाळीला गेला होता. आई अंधेरीच्या बाजारात गेली होती. मी घाईघाईनं काकडीचा तुकडा आत टाकला, दार लोटलं आणि अंघोळीला गेले. परत आले तर दार बोटभर उघडं. कडी लागली नव्हती, वरचा आकडा लोंबत होता. गोदा मडक्यात झोपलेली. तापी नव्हती.

मी चौकटीवर वाजवलं. पुन्हा वाजवलं. पलंगाखाली, पुस्तकांमागे, चुलीमागे बघितलं. मागच्या दाराची फट बघितली. पेपर अकराला होता, शाळा लांब, दहाला निघायला हवं होतं. मी अंगणात आले, विहिरीमागे बघितलं, पडवीत कोंबड्यांच्या खुराड्याखाली वाकून बघितलं. फिलोमेनाबाय तिथेच बसून सुके बोंबील तोडत होती. तिच्या शेजारी पिंजरा उघडा ठेवलेला होता. उंदीर आता दिवसाढवळ्या येऊ लागले होते आणि आदल्या दिवशीच तिचं आणखी एक पिल्लू गेलं होतं.

"काय शोधतेस गो, सुमन?"

त्या क्षणी मला फक्त एवढंच सांगायचं होतं की आमची एक सुटली आहे. चार शब्द. पण ती म्हणेल, दोघींना आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. दादा म्हणेल, तुला जमणार नव्हतं तर तेव्हाच सांगायचंस. आणि घड्याळात साडेनऊ झाले होते.

"कर्कटक," मी म्हटलं. "कंपासमधला."

"ते टोकाचं? कोंबडीनं गिळलं असंल!" ती मोठ्यानं हसली. मग उठली आणि खरोखरच माझ्याबरोबर शोधू लागली. पडवी झाडली, खुराड्याखाली हात घातला. उपासाचे दिवस होते त्यांचे, ईस्टर जवळ आला होता. पोटात काही नसताना ती म्हातारी माझ्यासाठी जमिनीवर आडवी झाली. "जा तू. उशीर करू नको. माजा नातू आला की त्याची पेटी देते पाटवून."

मी गेले. पेपर झकास गेला. हे लिहायला मला आजही जड जातं, पण तो खरोखर चांगला गेला. दोन तास मला तापीची आठवण झाली नाही. शेवटच्या प्रमेयाला आकृती काढताना मानेवर काहीतरी हललं असं वाटलं, तेव्हा झाली.

तीनच्या सुमारास परत आले. अंगणात शिरताना डोणीच्या काठावर ओलं गोणपाट दिसलं. फिलोमेनाबाय पायरीवर बसली होती. तिच्या मांडीवर केळीच्या पानाचा तुकडा होता, त्यावर तापी. ओली झाल्यानं ती फार लहान दिसत होती. उजव्या कानाची खाच स्पष्ट दिसत होती.

"ही तुमचीच ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"पिंजऱ्यात होती. मी गोणपाट टाकला, नेहमीसारका. आत काय धडपड नाय, काय नाय. मला वाटलं दमला असंल." तिनं केळीचं पान सारखं केलं. "इतर मेले तार चावतात, किंचाळतात. ही गप बसून होती गो. आपल्या घरात बसल्यासारकी."

अर्थात बसली असेल. जाळी, उघडं दार, आत खाऊ. कोणत्याही दुसऱ्या उंदरानं जिथे दहा वेळा विचार केला असता तिथे ती धावत गेली असेल. मीच शिकवलं होतं.

"कोणी मला सांगितलं असतं तर मी गोणपाट उचलून बगितलं नसतं काय?" फिलोमेनाबाय म्हणाली. मग माझ्याकडे बघून, तिला कसलीच शंका नव्हती, "तू तरी काय सांगणार, तू पेपरला."

संध्याकाळी दादा आला. त्यानं तापीला हातात घेतलं, एक हात छातीखाली, एक पायांखाली. फिलोमेनाबाय रडत सांगत होती आणि तोच तिची समजूत घालत होता. मग माझ्याकडे वळला. रागावला नव्हता.

"केव्हा सुटली?"

"मी पेपरला गेल्यावर सुटली असेल," मी म्हटलं. "सकाळी दोघी होत्या."

त्यानं मान डोलावली. आम्ही तिला चिंचेखाली पुरलं.

त्या वर्षी भूमितीत शाळेत माझे गुण सगळ्यांत जास्त होते. फिलोमेनाबायनं खास कोंबडी कापून जेवू घातलं.

गोदा खाईना. तापीच्या बाजूच्या कागदाच्या चिंध्या ओढून ओढून तिनं आपल्या मडक्यात भरल्या आणि त्यांत तोंड खुपसून बसली. एकटा उंदीर राहत नाही, दादा म्हणाला; माणूस कितीही वेळ देवो, रात्र माणसाची नसते. आठवड्यानं त्यानं तिसरी आणली. लगेच फडताळात टाकली नाही. पलंगावर धुतलेली चादर घातली, जिथे दोघींपैकी कोणाचाच वास नव्हता, आणि रोज थोडा वेळ दोघींना तिथे समोरासमोर सोडायचा. पहिल्या दिवशी फुसफुस, दुसऱ्या दिवशी पाठ फिरवणं, सहाव्या दिवशी नवीननं गोदाचा कान चाटला. दादा एवढा हसला की आई आतून बघायला आली.

फिलोमेनाबायनं काही दिवस पिंजरा लावलाच नाही. मग लावू लागली, कणगी तर वाचवायला हवी होती. पण गोणपाट तिनं परत वापरलं नाही. पिंजरा तोंडासमोर धरायची, नीट बघायची, आणि मग बुडवायची. मला वाटतं ते तिला फार अवघड गेलं असेल. बाकी गावठाणात तिची थट्टा व्हायची: "फिलूबाय उंदराला नाव-गाव विचारते, मग मारते."

पुढच्या दोन-तीन वर्षांत दादानं कारखान्यातून मागून आणलेले पांढरे उंदीर त्या भागात माहीत झाले. पोरं यायची, कामगार यायचे, कोणी मुलीच्या वाढदिवसाला म्हणून यायचं. "झकास दिसतात यार, एक द्या ना." दादा एकटा उंदीर कधीच देत नसे. आणि आधी प्रश्न विचारायचा. घरातल्यांना चालेल का? उंदरांना पिंजरा, औषध कोण लावतं, तुम्ही की शेजारी? मे महिन्यात सगळे गावाला गेलात की कोण बघणार? हा प्रश्न विचारल्यावर निम्मं गिऱ्हाईक परत जायचं, कारण अंधेरीत मे महिन्यात कोण थांबतं? दोन-अडीच वर्षांत म्हातारा होईल, मागचे पाय ओढत चालेल, तेव्हा भरवाल का? आणि सगळ्यांत शेवटी: आधी काही पाळलं होतं का? त्याचं काय झालं?

हा शेवटचा प्रश्न तापीनंतर आला. तापीच्या आधी तो नव्हता. दादा बाहेरच्या खोलीत तो विचारायचा आणि मी आत पुस्तक उघडं ठेवून बसलेली असायचे, आणि मला अक्षरं दिसायची नाहीत.

वाकोल्याहून एकदा एक जादूवाला आला. मोठी मिशी, हातात पत्र्याची पेटी. टोपीतून उंदीर काढायचा प्रयोग बसवायचा होता त्याला. प्रश्न ऐकून तो भडकला.

"ओ, मी काय मुलगी मागायला आलोय का?"

"मुलगी मागायला आलेल्याला मी इतकं विचारणार नाही," दादा म्हणाला. "तिला बोलता येतं. आधी काय पाळलं होतं?"

"ससा. टोपीसाठीच. मेला."

"कसा?"

जादूवाल्यानं हातातली पेटी खाली ठेवली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पेटी उन्हात राहिली. मी चहा प्यायला बसलो होतो. माझीच चूक."

दादानं त्याला दोन दिले. आठवड्यानं, त्यानं जाळीची पेटी करून आणून दाखवल्यावर, पण दिले. तो गेल्यावर मी विचारलं, "ज्यानं ससा मारला त्याला कसे दिलेस?"

"मेला म्हणणारा चालतो," दादा म्हणाला. "कसा ते सांगता आलं पाहिजे."

त्यानं तेव्हा माझ्याकडे बघितलं का, हे आठवायचा मी गेले तीन महिने प्रयत्न करते आहे. कधी वाटतं बघितलं. कधी वाटतं तो फडताळाचा आकडा सारखा करत होता. त्याला कळलं असेल तर त्यानं मला सांगायची संधी दिली होती, एकदा नव्हे, प्रत्येक गिऱ्हाइकागणिक. कळलं नसेल तर मी एका भोळ्या माणसाला बारा वर्षं फसवलं. यांतलं काय बरं, ते ठरत नाही, आणि मी पुन्हा उठून स्वयंपाकघरात जाते.

दादा लग्नानंतर बोरिवलीला राहायला गेला. फडताळ बरोबर गेलं. त्यात कायम दोघी असायच्या. गोदा, भीमा, कृष्णा झाल्या, मोठ्या नद्या संपल्या, तेव्हा त्याच्या मुलीनं, मुक्तानं, जवळपासच्या लहान नद्या घेतल्या. शेवटच्या दोघी मिठी आणि पोयसर. दादाच्या तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी मिठी म्हातारपणानं गेली. पोयसर उरली.

माघातच वहिनी मला म्हणाली होती, "वन्सं, तिला तुम्ही घेऊन जा. मला तिचा राग नाही हो. पण मुक्ता रोज त्या चौकटीवर वाजवते, यांच्यासारखंच तीनदा. मी आतल्या खोलीत असते आणि मला वाटतं, आले." एवढं म्हणून ती तांदूळ निवडायला लागली. "तुम्ही नेली नाहीत तर कारखान्यात परत पाठवीन. ते काय ते बघतील."

ते काय बघतील हे आम्हां दोघींना माहीत होतं. तरी मी फाल्गुन येईपर्यंत गेले नाही. पेपर आहेत, तपासणी आहे, म्हणत राहिले. पुन्हा परीक्षेचंच निमित्त. काल त्या मुलीला देताना कर्कटक मुठीतून सुटेना, आणि आज शाळेतून घरी न जाता मी सरळ बोरिवलीची बस धरली.

मुक्ता फडताळासमोर जमिनीवर बसली होती. आठ वर्षांची आहे. तिनं मला पोयसर लगेच दिली नाही.

"आत्या, तुझ्या घरी कोणाची हरकत?"

"मी एकटीच असते."

"शेजारी पिंजरा लावतात?"

"लावत असतील."

"असतील म्हणजे? विचारलं नाहीस?"

"नाही."

"विचारायचं असतं. मे महिन्यात?"

"मी कुठेच जात नाही."

"ती एकटी नाही राहायची. बाबांच्या कारखान्यातले काका दुसरी देतील. पण एकदम फडताळात घालायची नाही."

"माहीत आहे. पलंगावर धुतलेली चादर."

हे मला ठाऊक आहे म्हटल्यावर तिला थोडं बरं वाटलेलं दिसलं. मग तिनं विचारलं, "आधी पाळलेस?"

"दोन. तू नव्हतीस तेव्हा. गोदा आणि तापी."

"त्यांचं काय झालं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ऐकत होती. गोदा म्हातारी होऊन गेली, हे मी सांगितलं. मग तापीचं सांगितलं. आकडा लोंबत होता, मी अंघोळीहून आले तेव्हाच मला कळलं होतं, फिलोमेनाबायनं विचारलं तेव्हा मी कर्कटक म्हणाले, आणि संध्याकाळी दादाला म्हणाले की सकाळी दोघी होत्या. एवढं सांगायला फार वेळ लागला नाही. बारा वर्षं मला वाटत होतं की ते फार लांब आहे.

"बाबांना कधीच नाही सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"आधी भीती वाटली. मग राहून गेलं."

तिनं बोटानं जमिनीवर काहीतरी रेघ ओढली. मी उठणार होते, सवयीनं, पण उठले नाही.

"आणि पोयी सुटली तर?" तिनं विचारलं.

"सांगीन."

"कोणाला?"

"सगळ्यांना. लगेच."

"पेपर असला तरी?"

"पेपर असला तरी."

मुक्तानं फडताळाकडे तोंड फिरवलं आणि चौकटीवर नखानं तीनदा वाजवलं. म्हातारी पोयसर मागचे पाय ओढत दाराशी आली. एक हात छातीखाली, एक पायांखाली. मुक्तानं तिला डब्यात ठेवलं, डब्यात थोड्या जुन्या चिंध्या घातल्या आणि जाळीचं झाकण दोनदा तपासलं. वहिनी दारात येऊन उभी होती. "फडताळ रविवारी टेम्पोनं पाठवते," ती म्हणाली. मग खाली येऊन बस सुटेपर्यंत थांबली.

बसमध्ये डबा मांडीवर होता. आतून ती बारीक खसखस येत होती. हात कितीतरी दिवसांनी एका जागी होते.

घाटकोपरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माझ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. चार वर्षांत मी त्यांच्याशी पाणी आलं का, पाणी गेलं का, यापलीकडे फारशी बोललेली नाही. डबा आत टेबलावर ठेवला, दार लावलं, आणि शेजारच्या दारावर तीनदा वाजवलं. शेजारीणबाई पोळीचं पीठ हाताला तसंच ठेवून बाहेर आल्या. मला दारात बघून त्यांना नवलच वाटलं.

"काय हो बाई, काही हरवलं का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पण माझ्याकडे एक पांढरा उंदीर आला आहे. ते सांगायला आले."